ऑइलपेंटची रांगोळी

सिस्टर गेटात उभ्या दिसल्या की आमच्या गल्लीत शिरणारी निम्मी पोरं मोटारसायकलचा वेग आपोआप कमी करायची. भीती अपघाताची नव्हती, सिस्टरच्या स्मरणशक्तीची होती. आधी जिंतूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत आणि नंतर परभणीच्या दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य लसी टोचण्यात घालवलं होतं, आणि कुणाला कुठं टोचलं, कोण किती रडलं, कुणाची आई भांडायला आली, हे सगळं त्यांना आठवायचं. एखादा पोरगा सायलेन्सर फाटलेली गाडी घेऊन सुसाट आला की त्या भर गल्लीत त्याला नावानं हाक मारायच्या आणि विचारायच्या, "तुझ्या मांडीला गाठ आली व्हती म्हणून तुझी माय मला शिव्या द्यायला आली व्हती. बरी हाय का आता मांडी?" गाडीवर मागं मित्र बसलेला असायचा, कधी मैत्रीणही असायची. त्यानंतर तो पोरगा महिनाभर तरी आमच्या गल्लीतून चालत्या माणसाच्या वेगानं जायचा.

अडचण एवढीच होती की गाव वाढलं होतं आणि सिस्टरनी न टोचलेली माणसं जास्त झाली होती. आमची गल्ली मोठ्या रस्त्यापासून बायपासकडं जायचा जवळचा मार्ग होती. दुधाचे कॅन लटकवलेल्या गाड्या, क्लासला उशीर झालेली पोरं, वाळूचे टेम्पो, सगळे तिथून घुसायचे. त्यांच्यावर सिस्टरचा काही अंमल चालत नसे.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. बदली होऊन आलो होतो आणि विम्याच्या ऑफिसात मोटारीचे दावे तपासायचं काम करत होतो. कुणाचा पाय कशाखाली आला, कुणाची चूक किती टक्के, हे रोज कागदावर वाचून माणूस जरा कोरडा होतो. मीही झालो होतो, आणि त्याचं मला तेव्हा विशेष वाईट वाटत नव्हतं. खोली बघायला गेलो त्या दिवशी मी स्वतःच माझी जात, गाव, गोत सांगायला सुरुवात केली होती, कारण तोवर बघितलेल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच आला होता. सिस्टरनी हात वर करून मला थांबवलं. जात आपण विचारत नाही आणि आपल्याला कुणी विचारलेली आवडत नाही, असं त्या म्हणाल्या. मग धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते विचारलं. मला आठवेना. दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली मिळाली ती दंडावर टोचून घेतल्यावरच.

टोचलं त्याच्या आधी त्या माझ्याशी आमच्याकडच्या पावसाबद्दल बोलत होत्या. सुई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "झालं." ही त्यांची रीत होती. टोचून झाल्यावर सांगायचं. आधी सांगितलं की माणूस अंग ताठ करतो, सुई दुखते आणि औषध नीट जात नाही, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात ते ठीक असेल, पण सिस्टर सगळा संसार याच रीतीनं करायच्या. गच्चीवरची टाकी बदलली हे बदलून झाल्यावर आम्हाला कळलं. माझी खाट खिडकीखालून काढून भिंतीला लावली गेली तेव्हा मी ऑफिसात होतो. मामांची स्कूटर त्यांनी विकली आणि मग मामांना सांगितलं.

मामा म्हणजे सिस्टरचे यजमान. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. सिस्टरना मात्र सगळी गल्ली सिस्टर म्हणायची आणि मामाही सिस्टरच म्हणायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मामा रेल्वेत गेटमन होते. पूर्णेच्या बाजूला एका फाटकावर त्यांची बरीच वर्षं गेली. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, रस्त्यावरच्या लोकांचे शिव्याशाप ऐकायचे, गाडी गेली की फाटक उचलायचं. ते म्हणायचे की त्यांनी आमदारांना थांबवलं, वरातींना थांबवलं, एकदा तर स्वतःच्या साहेबाला थांबवलं. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय मंद झाला. बोलणं शाबूत राहिलं आणि ते त्यांनी पुरेपूर वापरलं.

त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला रस्त्याच्या पलीकडे चाचा होते. चाचांचं सायकल आणि पंक्चरचं दुकान बरोबर आमच्या गेटासमोर होतं. दुकानाला शहाबादी फरशीचा ओटा होता. लकव्यातून उठल्यावर मामा काठी टेकत रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून त्या ओट्यावर जाऊन बसायचे. डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं, आणि एवढंच चालणं त्यांना आवडायचं. चाचा हाताला लागलेलं काळं न पुसता चहा ओतायचे. दोघं निजामाच्या काळापासून कालच्या बातमीपर्यंत सगळ्याचा निकाल लावायचे आणि मामा दिवेलागणीला परत यायचे.

एके दिवशी दुधाच्या कॅनवाल्या गाडीनं मामांना घासलं. पडले नाहीत, पण काठी लांब उडाली आणि ते रस्त्याच्या मधोमध काठीशिवाय उभे राहिले. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते. सिस्टर धावत गेल्या आणि त्यांना जवळजवळ उचलून आणलं. त्या संध्याकाळी त्यांनी मामांचं रस्ता ओलांडणं बंद केलं. रस्ता नीट होईपर्यंत गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. या वेळी त्यांनी आधी सांगितलं, आणि मामांचं अंग खरोखर ताठ झालं.

मग गेटाच्या आत खुर्ची टाकून मामा बसायला लागले. चाचा पलीकडे ओट्यावर. गाड्यांच्या मधून मधून दोघं ओरडून बोलायचे. मामांनी काही विचारलं की टेम्पो जायचा, मग चाचांचं उत्तर यायचं, तेवढ्यात दुसरी गाडी. चाचांनीच इकडं यावं असं मी एकदा सुचवलं. चाचा म्हणाले की दुकानावर दुसरं कुणी नाही. मामा म्हणाले की पाहुणा म्हणून मीच जात होतो, आता यजमान व्हायची आपली इच्छा नाही. हळूहळू ओरडणं कमी झालं. पावसाळा संपेपर्यंत मामांनी संध्याकाळी खुर्ची बाहेर काढणंही सोडलं, आणि त्यांचा पाय परत जड पडायला लागला. सिस्टर रोज रात्री त्या पायाला तेल लावायच्या आणि सकाळी माझ्याकडं बघून नुसतं नाही अशी मान हलवायच्या.

अशात वर्तमानपत्रात महापालिकेची सूचना आली. नागरिकांनी गट करून आपापला रस्ता सुरक्षित करायची छोटी योजना मांडावी, पसंत पडल्यास छोटा निधी मिळेल, श्रम नागरिकांचे. त्यात एक वाक्य होतं ते सिस्टरनी पेनानं अधोरेखित केलं: मंजूर झालेल्या कामाची नोंद होईल आणि पुढं त्याची देखभाल महापालिका करेल. निधीचं त्यांना फारसं काही नव्हतं. एकदा सरकारी नोंद झाली की कुणाचा बाप ते काम काढू शकत नाही, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

अर्ज लिहायला मी बसलो. पहिल्या अर्जात मामांच्या आग्रहानं गल्लीच्या दोन्ही तोंडांना रेल्वेसारखं फाटक मागितलं गेलं. चालवायला माणूस तयार आहे, पगार नको, असंही त्यात होतं. महापालिकेतले इंजिनिअर वयानं माझ्याएवढेच होते, भले गृहस्थ होते. त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि चहा मागवला. फाटक बसत नाही म्हणाले. गतिरोधकही बसत नाही, कारण तो सगळ्यांनाच हवा असतो आणि त्याचे नियम वेगळे. योजनेत फलक बसतो, रंग बसतो, कुंड्या बसतात. सिस्टर म्हणाल्या की कुटुंबनियोजनाचे फलक त्यांनी जन्मभर लावले, फलक कोण वाचतं ते त्यांना ठाऊक आहे. आम्ही परत आलो.

रंगाची कल्पना दिवाळीत सुचली. पाडव्याच्या सकाळी सिस्टर गेटात उभ्या होत्या. चाचांच्या दुकानाशेजारी गिरणीवाल्या काकूंनी दारापुढं मोठी रांगोळी काढली होती, ती जरा रस्त्यात आली होती. काकूंची रांगोळी म्हणजे आमच्या भागात मानाची गोष्ट. सिस्टर बघत होत्या की सुसाट आलेली प्रत्येक गाडी त्या रांगोळीपाशी दचकते आणि हळू होते. दूधवाला हळू झाला. वाळूचा टेम्पो हळू झाला. रात्रीची उतरलेली नव्हती असा एक जण आला, त्यानंही पाय टेकून रांगोळी वाचवली. सिस्टरनी मला वरून हाक मारून खाली बोलावलं आणि बराच वेळ तिथंच उभं केलं.

"विमासाहेब, बघ," त्या म्हणाल्या. "पोलिसाला भेत न्हाईत, यमाला भेत न्हाईत. पण रांगुळीवर चाक घालायची हिंमत हाय का कुणाची?"

दुसरा अर्ज असा झाला: आमच्या गेटासमोर रस्त्याच्या मधोमध ऑइलपेंटची कायमची रांगोळी.

रांगोळीत काय काढायचं यावर आमच्या अंगणात गल्लीची बैठक झाली. ती मला नीट आठवते, कारण त्यात कुणीही भांडलं नाही आणि तरी काहीच ठरेना. काकू म्हणाल्या गोपद्म काढू, मग स्वतःच म्हणाल्या की ते चुकून पायाखाली आलं तर पाप लागेल. सिस्टरच्या विहारातल्या एका बाईंनी चक्र सुचवलं, सिस्टर म्हणाल्या की चक्र जमिनीवर नको. कुणीतरी कमळ म्हणालं. मागून एक जण म्हणाला की उद्या निवडणूक लागली की त्यावर पोतं टाकावं लागेल. मग हत्ती निघाला, तोही गेला. घड्याळ गेलं, पतंग गेला, सायकल गेली. चाचांना सायकल जाण्याचं जरा वाईट वाटलं. देवाचं नको, धर्माचं नको, कुठल्या पक्षाचं नको, असं करत करत शेवटी नुसते ठिपके आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा उरल्या. कडेनं मेंदीसारखी वेल चाचांची सून काढणार होती. तिचा हात चांगला होता.

अर्ज गेला. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि सिस्टरना वेळ नव्हता. मामांचा पाय त्या रोज बघत होत्या. मी त्यांना सांगितलं होतं की आधी मंजुरी, मग काम, असा नियम सूचनेत छापलेला आहे. त्यांनी हो म्हटलं. पुढच्या रविवारी मी उठलो तर गल्लीत मांडव पडलेला होता.

आमच्याकडं लग्नाचा मांडव रस्त्यात घातला तर कुणी काही विचारत नाही, गाडीवाले आपणच दुसऱ्या गल्लीनं जातात. सिस्टरनी मांडववाल्याला गाठून तेवढाच उपयोग करून घेतला होता. मांडवाखाली गल्लीतल्या बायका उकिडव्या बसून डांबर घासत होत्या, खडूनं ठिपके मांडत होत्या. येणारे-जाणारे लग्न कुणाचं म्हणून विचारायचे आणि सिस्टर त्यांना सांगायच्या की रस्त्याचं. संध्याकाळपर्यंत रंग भरून झाला. पांढरा, पिवळा, हिरवा, कडेला लाल वेल. खरंच देखणी झाली होती. सगळं झाल्यावर काकू घरातून करंडा घेऊन आल्या आणि मधल्या ठिपक्यावर हळदकुंकू वाहिलं. रांगोळी पुरी झाली की वाहतातच. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, आणि देवधर्म न मानणाऱ्या सिस्टरनीही काकूंना करंडा धरायला मदत केली.

सकाळी मांडव निघाला. पहिला दूधवाला आला, रांगोळी बघून दचकला, अगदी हळू झाला. मधल्या ठिपक्यावरचं हळदकुंकू त्याला दिसलं. मग त्यानं गाडी वळवली आणि कडेनं, आमच्या गेटाला खेटून, एका हातानं नमस्कार करत निघून गेला. त्याच्या मागचाही तसाच गेला. टेम्पो पलीकडच्या कडेनं, चाचांच्या फरशीला घासून गेला. रांगोळीवर कुणीही चाक घालणार नाही हे आम्ही सगळ्यांनी पक्कं धरलं होतं. मग गाड्या जाणार कुठून, हे एवढ्या मोठ्या बैठकीत एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि माझा तर धंदाच तो.

आता सगळी वाहतूक लोकांच्या दारातून जायला लागली. काकूंनी वाळत घातलेल्या गव्हातून चाक गेलं. लहान पोरं उंबऱ्याबाहेर येईनात. शिवाय प्रत्येक जण आमच्या दारात येऊन नमस्कारासाठी एक हात सोडायचा, तो वेगळाच. रस्त्याचा मधला भाग मात्र मोकळा पडलेला, स्वच्छ, तिथं कुत्रं झोपायचं. सिस्टरनी थिनर आणून रांगोळी पुसायचं ठरवलं. काकू आडव्या आल्या. हळदकुंकू वाहिलेलं थिनरनं खरवडणार का, असं त्या म्हणाल्या, आणि सिस्टरनी थिनरचा डबा परत आत नेला. त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. मला त्यांची कीव आली आणि ते मी त्यांना कळू दिलं नाही.

पुढचं मामांनी केलं. सिस्टर विहारात गेल्या होत्या. ऑफिसला सुटी होती म्हणून मी वर गच्चीत होतो. मामा गेटाबाहेर आले. कडेनं गाड्या एकामागं एक, हळूहळू, कडेच्या नालीला जपत जात होत्या. मामांनी फाटकावर दाखवायचे तसा तळहात वर केला. दोन गाड्या थांबल्या. मामा काठी टेकत रांगोळीच्या मधे जाऊन उभे राहिले. तिथं त्यांच्याजवळ कुणी येणारच नव्हतं. गाड्या दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून जात होत्या. चाचांनी दुकानातून हे पाहिलं. ते आत गेले, दोन स्टुलं आणली, तसेच हात करत मधे आले, परत जाऊन चहा आणला. दुकान तिथून त्यांना स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे तीही अडचण उरली नाही.

सिस्टर आल्या तेव्हा दोघे म्हातारे भर रस्त्यात रांगोळीवर बसून बशीनं चहा पीत होते आणि सगळी वाहतूक त्यांच्याभोवती बैलगाडीच्या चालीनं फिरत होती. मला वाटलं आता काही खरं नाही. सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या. आधी मामांचं मनगट धरून नाडी बघितली. मग खाली बघितलं.

"चपला काढून बसा," त्या म्हणाल्या. "काकूंनी पुजलेली हाय."

त्यानंतर ते रोज तिथं बसू लागले. माणसं बसलेली बघून गाड्या आणखी हळू झाल्या, मग टेम्पोवाल्यांनी ही गल्लीच सोडली. संध्याकाळी चार-दोन बायकाही चटई टाकून बसायला लागल्या. माझ्या ऑफिसच्या दृष्टीनं तो सगळा प्रकार भयंकर होता. रस्त्याच्या मध्यभागी स्वेच्छेनं बसलेल्या माणसाला कुठलाही विमा काही देत नाही. पण मीही एकदोनदा स्टूल घेऊन जाऊन बसलो आणि तिथला चहा मला फार आवडला. मामांचा पाय सुधारायला लागला होता. ते आता गेटापासून मधल्या ठिपक्यापर्यंत न थांबता जायचे.

इंजिनिअर पाहणीला आले तेव्हा त्यांना आधी स्टूल दिलं गेलं. ते चपला काढून बसले, वेलीचे फोटो काढले, काकूंचं कौतुक केलं. मग त्यांनी अर्ज उघडला आणि कामापूर्वीचा फोटो मागितला. तो नव्हता. काम मंजुरीच्या आधी झालं होतं, त्यामुळं ते योजनेत बसत नव्हतं. त्यातून रस्त्यावर स्टुलं मांडलेली. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

"साहेब, बाळ जन्मल्यावर इचारायलाव व्हय, परवानगी घेतली व्हती का म्हणून?" सिस्टर म्हणाल्या.

इंजिनिअर हसले. म्हणाले की बाळ गोड आहे, पण नोंद होणार नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी अर्ज करा.

नोंद झाली नाही याचा अर्थ काय ते आम्हाला उन्हाळ्यात कळलं. निवडणूक जवळ आली आणि वर्षानुवर्षं न आलेलं डांबर एका आठवड्यात सगळ्या भागात आलं. आमच्या गल्लीत रोलर शिरला तेव्हा सिस्टर रांगोळीवर जाऊन उभ्या राहिल्या. मुकादम साधा माणूस होता. त्यानं त्यांना आई म्हटलं, आणि हे राखून ठेवायचा कागद असेल तर दाखवा, मी एवढा तुकडा सोडून देतो, असं सांगितलं. कागद नव्हता. सिस्टर बाजूला झाल्या. मी त्यांना कुणासाठी बाजूला होताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवलं नाही. मी वर निघून गेलो.

नवा रस्ता काळाभोर आणि गुळगुळीत झाला. गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जायला लागल्या. टेम्पोवाले परतले. सिस्टरनी गेटाला कडी लावली आणि काकूंना नवी रांगोळी काढायची का विचारलं. काकूंनी विचारलं की परत अर्ज करायचा का. विषय तिथंच राहिला.

चार दिवस मामा गेटाच्या आत बसले. पाचव्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर ते काठी घेऊन उभे होते आणि सिस्टर कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. काय बोलणं झालं होतं ते मला माहीत नाही. शेवटचं ऐकू आलं.

"मी जायलोय," मामा म्हणाले. "तू बघत बसलीस की माझा पाय अडखळतो. तू बघू नको."

सिस्टरनी कडी काढली. मग त्या वळल्या आणि घराच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मामा बाहेर पडले. कडेला थांबले, एक मोटारसायकल जाऊ दिली, तळहात वर केला आणि निघाले. आता मधे काही नव्हतं, नुसतं डांबर. बायपासकडून एक टेम्पो येत होता.

"पोचले का?" सिस्टरनी विचारलं.

मी म्हणालो की निघालेत. मामा बरोबर मधे जाऊन थांबले. दमले असतील, किंवा तिथं थांबायची सवय झाली असेल. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. चाचा दुकानातून उठून ओट्याच्या कडेला आले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"पोचले का?"

"पोचले," मी म्हणालो.

"खोटं नको बोलू. काठी आजून डांबरावर वाजायलीय."

टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि काही न बोलता आत घेतलं. काठी हळूहळू पुढं सरकली. मग पलीकडून फरशीवर तिचा आवाज आला, टणक, वेगळा. चाचांनी मामांना हाताला धरून बसवलं.

सिस्टरनी तो आवाज ऐकला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पण वळल्या नाहीत. मी म्हणालो, आता बघा की, बसलेत ओट्यावर, चहा सांगितलाय.

"परत यायचं बी हाय त्यान्ला," त्या म्हणाल्या, आणि तशाच भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.